उंचीचा रकाना

माकडांचा अभ्यास करायला चालले आहे म्हटल्यावर पुण्यात बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहिलं: माझ्या कडेवर माकडाचं पिल्लू आणि हातात दुधाची बाटली. ते चित्र आधीच पुसून टाकते. जिथे पैसे भरून पिल्लू मांडीवर घ्यायला मिळतं, तिथे सहल चाललेली असते, अभ्यास नव्हे. मी गेले तिथे पहिल्याच संध्याकाळी नियम ऐकवले गेले. माकडाच्या जवळ जायचं नाही. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. त्याच्या देखत काही खायचं नाही, दात दिसतील असं हसायचं नाही, आणि सर्दी-खोकला असेल त्या दिवशी रानात यायचंच नाही, कारण आपली दुखणी त्यांना सहज लागतात. करायचं एवढंच की मान वर करून बघत राहायचं आणि ठरलेल्या वेळी तक्ता भरायचा. पगार नाही, जेवणाखाणाचा खर्च आपला आपण. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला आणखी काय हवं?

जागा होती वालपराई, तमिळनाडूतल्या अण्णामलाई डोंगरांमधली. पुण्याहून कुर्ला एक्सप्रेसने कोइमतूर, तिथून पोल्लाची, आणि पोल्लाचीहून एसटीसारखीच खडखडणारी सरकारी बस. आळियार धरण मागे पडलं की घाट सुरू होतो. चाळीस वळणं, आणि प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी. नवव्या वळणावर खाली आळियारचं पाणी दिसतं आणि नशीब असेल तर रस्त्याकडेच्या कठड्याशी निलगिरी ताहर उभे असतात. हे डोंगरी बोकडासारखे दिसणारे प्राणी पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाशिवाय जगात कुठे नाहीत. माझ्या नशिबात दोन होते, पाठमोरे. विसाव्या वळणानंतर मी पाट्या वाचणं सोडून दिलं आणि पिशवीतली आवळासुपारी शोधली.

वर पोचल्यावर पहिल्यांदा दिसतो तो चहा. टेकडीमागून टेकडी, एका उंचीत कापलेली. छायाचित्रात हे फार सुंदर दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथलं सदाहरित जंगल तोडून मळे घातले गेले. साधारण २२० चौरस किलोमीटरचं हे पठार, भोवती अण्णामलाई व्याघ्रप्रकल्प आणि केरळातली संरक्षित जंगलं, आणि मधल्या चहा-कॉफीत विखुरलेले जंगलाचे चाळीसहून अधिक तुकडे. काही तुकडे एवढे लहान की सकाळच्या फेरफटक्यात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन यावं. पुदुत्तोट्टम हा त्यातलाच एक. गावाला लागून, खासगी मळ्यात, शंभर हेक्टरांपेक्षाही कमी. आमची माकडं तिथली.

सिंहपुच्छ माकड. तमिळमध्ये सोलैमंदी. अंग काळंभोर, चेहऱ्याभोवती रुपेरी-करडी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा झुबका. चित्रांत हा प्राणी भव्य वाटतो, प्रत्यक्षात मादी जेमतेम पाच किलोची. पश्चिम घाटाच्या पावसाळी जंगलाबाहेर तो कुठेच राहत नाही, आणि रानात सगळे मिळून चार हजारही नसावेत असा अंदाज आहे. आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातले, शिरसी-होन्नावरकडचे. तिथे अघनाशिनीच्या खोऱ्यात त्यांच्यासाठी राखीव क्षेत्रही झालं आहे. पण माझ्या पिढीला हा प्राणी माहीत झाला तो सायलेंट व्हॅलीमुळे. कुंतीपुळा नदीवर धरण बांधायचं केरळच्या वीज मंडळाने ठरवलं, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्याविरुद्ध आंदोलन पेटलं, आणि त्या आंदोलनाचा चेहरा झालं ते हे आयाळवालं माकड. धरण रद्द झालं, १९८५ मध्ये राजीव गांधींनी राष्ट्रीय उद्यानाचं उद्घाटन केलं. तेव्हा मी कॅश काउंटरवर होते. वर्तमानपत्रातला फोटो बघून हे एवढंसं माकड धरण कसं अडवतं याचं नवल वाटलं होतं. धरण माणसांनी अडवलं, पण फोटो माकडाचा छापून आला, आणि ते बरंच झालं.

ज्या मुलीच्या पीएचडीच्या कामात मी हातभार लावत होते ती बंगळुरूची. पहिले काही दिवस मला ‘आंटी’ म्हणायची, पुढे ‘ताई’ म्हणायला शिकली. तिसरे होते अण्णा. मळ्यातल्या कामगारांच्या लाइनीत जन्मलेले, आईवडील दोघंही चहा खुडणारे, आणि स्वतः गेली कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या संशोधकांना माकडं शोधून देणारे. ते मला ‘अम्मा’ म्हणत. वयाने ते मोठे असावेत, पण तिकडे हा हिशेब चालत नाही. आमची समाईक भाषा म्हणजे त्यांचं मोडकं हिंदी आणि माझे शिकाऊ तमिळ शब्द, त्यातही मुख्यतः दोन. मेले म्हणजे वर. कीळे म्हणजे खाली.

सकाळी उजाडल्याशिवाय निघायचं नाही, हा अण्णांचा कायदा. वालपराईत हत्ती चहाच्या रांगांमधून चालतात, आणि धुक्यात दहा पावलांवरचा हत्तीही खडकच वाटतो. हत्ती जवळपास असले की तिथल्या लोकांच्या मोबाइलवर संदेश येतो, वळणावरचे तांबडे दिवे फोनवरून लावले जातात. आनंद कुमार नावाच्या संशोधकाने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही व्यवस्था उभी केली. त्यासाठी २०१५ चा व्हिटली पुरस्कार त्यांना मिळाला. मला कौतुक त्या दिव्यांचं. तिथलीच एखादी कामगार बाई फोनवरून दिवा लावते आणि पुढचे सगळे थांबतात.

माकडं शोधायची ती कानांनी. फांदीवर फांदी आपटल्याचा आवाज, फळांच्या साली पाचोळ्यावर पडल्याची टपटप, मध्येच एखादी हलकी हाक. नराचा हुंकार मात्र दूरवर जातो. आपल्याकडच्या हुप्प्याची आठवण करून देणारा, पण त्याहून खोल. अण्णा थांबायचे, मान कलती करायचे आणि हनुवटीनेच दिशा दाखवायचे. “अम्मा, मेले.” मला पानांशिवाय काही दिसायचं नाही. मग एका पानामागे एक काळा हात दिसायचा, आणि एकदा तो दिसला की आख्खं झाड माकडांनी भरलेलं असायचं.

यानंतर जे सुरू होतं त्याचं वर्णन कोणी करत नाही, कारण त्यात काही घडत नाही. दर पंधरा मिनिटांनी घड्याळ वाजतं. वाजलं की पुढच्या काही मिनिटांत जेवढी माकडं दिसतील तेवढ्यांची नोंद करायची: नर की मादी, मोठं की पोर, काय करतंय, काय खातंय, कोणत्या झाडावर, शेजारी कोण, आणि जमिनीपासून किती उंचीवर. मग पुन्हा घड्याळ वाजेपर्यंत थांबायचं. या दोन घंटांच्या मध्ये नेमकी दोन नरांची जुंपायची, फांद्या मोडायच्या, पोरं किंचाळायची, आणि घड्याळ वाजेपर्यंत सगळे पाय पसरून एकमेकांच्या उवा टिपत बसलेले. तक्त्यात जायचं ‘विश्रांती’, ‘विश्रांती’, ‘केस विंचरणे’, ‘विश्रांती’.

मी कुरकुरले. त्यावर त्या मुलीने मला जीन ऑल्टमन यांची गोष्ट सांगितली. गणित शिकलेल्या या अमेरिकन बाई केनियातल्या अंबोसेलीत बबून माकडांवर काम करत. १९७४ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला, ज्याचा विषय माकड नव्हतंच. कसं बघायचं हा होता. डोळा आपोआप भांडणाकडे वळतो, मोठ्या नराकडे वळतो, आणि कोपऱ्यात गप्प बसलेली मादी नोंदीतून सुटते. म्हणून कोणाकडे कधी बघायचं हे बघण्याआधीच ठरवून ठेवा आणि मग मोडू नका. हे मला लगेच पटलं. शाखेत दिवसभर दोनशे गिऱ्हाईकं यायची आणि संध्याकाळी आठवायचा तो आरडाओरडा करणारा एकच. त्या आठवणीवरून शाखेचा कारभार लिहायला बसलं तर रोज दंगलच झाली असं वाटेल.

जळवांबद्दल लिहिलं नाही तर प्रवासवर्णन पुरं होणार नाही, म्हणून एका वाक्यात: त्या असतात, मोज्यांतूनही शिरतात, तंबाखूचं पाणी लावलं तर कमी शिरतात.

माकडं ओळखायला शिकणं हे खरं शिक्षण. आधी सगळी सारखी. मग एकीचा शेपटीचा झुबका झडलेला, एकाचा वरचा ओठ फाटलेला, एकीच्या डाव्या हाताचं बोट आखूड. अण्णांना याची काही गरज पडत नसे. ते चालीवरून सांगत, जसं आपण जिन्यातल्या पावलांवरून घरातलं कोण आलं ते ओळखतो. नावं ठेवायची की क्रमांक, हा या शास्त्रातला जुना वाद. जपानी संशोधकांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी कोशिमा बेटावरच्या माकडांना एकेक करून ओळखायला सुरुवात केली. १९५३ मध्ये रताळी पाण्यात धुऊन खाणारी तिथली पोरसवदा मादी ‘इमो’ या नावानेच जगाला माहीत आहे. पश्चिमेतल्या बऱ्याच शास्त्रज्ञांना तेव्हा हे भाबडं वाटलं. त्याच जपानी परंपरेतले सुगियामा साठीच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या शेजारच्या धारवाडला आले, आणि टोळी ताब्यात घेणारा नवा हुप्प्या आधीच्या पिल्लांना मारतो ही गोष्ट त्यांनी नोंदवली. वानरं तर आपल्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या होती. बघत आपण सगळेच होतो. कोण कोणाचं हे लिहून ठेवणारा जपानहून यावा लागला. आमच्या तक्त्यात सांकेतिक अक्षरं होती. अण्णांच्या तोंडी मात्र नावं होती, आणि त्यातली काही मळ्यातल्या जुन्या सुपरवायझरांची होती असा मला दाट संशय आहे.

फणसाच्या दिवसांत कामाला रंगत आली. माझं माहेर राजापूरकडचं. मी तमिळनाडूत माकडं बघायला चालले आहे हे कळल्यावर चुलतभावाचा फोन आला होता: “त्यासाठी एवढ्या लांब कशाला? आमच्या बागेत ये. फुकट दाखवतो, वर घेऊनही जा.” कोकणात वानर-माकडांनी लोकांना किती रडवलंय हे मला ठाऊक आहे. नारळ, केळी, भाजीपाला, परसातलं काही म्हणता काही राहत नाही. त्यामुळे पुदुत्तोट्टमच्या फणसाखाली मी दोन मनांनी उभी असायचे. वर एक दांडगा नर कुयरीच म्हणावी अशा कोवळ्या फणसाला मिठी मारून बसलेला, दातांनी साल सोलून थुंकतोय, चिकाने हनुवटी माखलेली. दोन माद्या आणि काही पोरं हातभर अंतरावर, तिसरीकडेच बघत असल्यासारखी, पण सरकत सरकत जवळ येणारी. त्याचं पोट भरून तो उठला रे उठला की सगळ्यांची झुंबड. गालांच्या पिशव्या भरून घ्यायच्या आणि बाजूला जाऊन सावकाश खायचं. एका फांदीवर शेकरू चिडून ओरडत होतं. आपला राज्यप्राणी तिथे पाहून मला उगाचच गावचं माणूस भेटल्यासारखं झालं.

सलग जंगलात या माकडांचं मुख्य झाड वेगळं आहे. वेडीपला म्हणतात त्याला. छोट्या काटेरी फणसासारखी फळं येतात, आणि काटे बाजूला सारून आतल्या बिया काढायचं कसब या माकडांकडे आहे. त्याची फुलंही ती खातात. शिवाय उंबर-वडाच्या जातीची फळं, किडे, सरडे, झाडावरचे बेडूक. तिथे त्यांचा जवळजवळ सगळा जन्म उंच झाडांच्या शेंड्यांवर जातो. जमिनीशी कामच काय? मळ्यात मात्र कॉफीला सावली धरणारी लावलेली झाडं, त्यात सिल्व्हर ओक आणि आफ्रिकेतून आणलेली काही. माकडांनी जमवून घेतलं. आफ्रिकेतल्या झाडाची फळं खायला लागली, पेरू खायला लागली, घाणेरीची फळं खायला लागली, मग कचराकुंडी, मग स्वयंपाकघर. लाइनीतल्या एका घरी झारखंडहून आलेलं जोडपं राहत होतं. तिथली बाई हिंदीत मला म्हणाली, “दीदी, मोठा आहे ना, तो दाराची कडी काढतो. भाताचं पातेलं उघडून बघतो. डाळ असली तर थांबतो.” तिच्या बोलण्यात राग होता, पण थोडी चेष्टाही होती. माझ्या भावाच्या आवाजात ती आता उरलेली नाही, आणि तिच्याही आवाजात किती वर्षं टिकेल, सांगता येत नाही.

तर तो उंचीचा रकाना. सुरुवातीला मला तो सर्वांत कंटाळवाणा वाटे. अंदाजाने भरायचा, वीस मीटर, पंधरा मीटर, बारा. पण पानामागून पान भरत गेलं तसं लक्षात यायला लागलं की जंगलाच्या मध्यभागी आकडे मोठे असतात, कडेला लहान होत जातात, आणि रस्त्यापाशी, चहापाशी, लाइनीपाशी शून्य. पुन्हा शून्य. अण्णांच्या “मेले”ची जागा “कीळे” घेत जायची. उंच झाडांसाठी घडलेला प्राणी डांबरावर चार पायांवर चालत होता. मी शून्य लिहायचे आणि वरच्या ओळीतल्या बावीसकडे बघायचे. संध्याकाळी ती मुलगी हे सगळं संगणकात भरायची. तिने निष्कर्षाबद्दल मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अजून वर्ष-दीड वर्षाची नोंद बाकी होती.

यातली गुंतागुंत अशी, की माकडं घटलेली नाहीत. कधीकाळी पन्नासाच्या आत असलेली इथली संख्या आज दीडशेच्या वर आहे, टोळ्या फुटून वाढल्या आहेत. या जातीची मादी मुळात वंश सावकाश वाढवणारी: पहिलं पिल्लू सहा-सात वर्षांची झाल्यावर, पुढचं जवळपास तीन वर्षांनी. मग एवढी कशी झाली? खायला मुबलक आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे वयात आलेल्या नराने टोळी सोडून दुसरीकडे जायचं असतं, आणि इथून जायला वाटच नाही. चारी बाजूंना चहा. गावातला एक दुकानदार मला म्हणाला, धोक्यात आहे म्हणता आणि इथे तर उतू चाललंय. त्याला उत्तर द्यायला आकडा पुरत नाही.

पुदुत्तोट्टमला चिरत वालपराईचा मुख्य रस्ता जातो. झाडांच्या फांद्या जिथे रस्त्यावर एकमेकींना भिडत नाहीत, तिथे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या लोकांनी शिडीसारखे झुलते पूल टांगले आहेत. याच संस्थेच्या दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन गेली दोन दशकं मळ्यांतल्या उजाड जागांवर मूळ जंगलातली झाडं वाढवताहेत. रोपवाटिकेत पिशव्यांमधली वेडीपल्याची रोपं मी पाहिली, माझ्या गुडघ्याएवढी. पूल माकडं वापरतात, पण नेहमी नाही. एका टोकाला मोठी मादी बसून राहते, मागे सगळी खोळंबतात, आणि मग कोणी तरी वैतागून खाली उतरून सरळ रस्ता ओलांडतं. म्हणून रस्त्यावर राखणदारही असतात. स्थानिक माणसं, हातात फलक, गाड्यांना हळू करा म्हणून खुणावणारी. गाडीखाली माकडं मेली आहेत.

शनिवारी पर्यटक वाढतात. अशाच एका शनिवारी रस्त्याच्या कडेला उभी राहून मी शून्यं भरत असताना एमएच १२ ची पाटी असलेली गाडी येऊन थांबली. मागची काच खाली गेली, एक सुरकुतलेला हात बाहेर आला, हातात केळं. राखणदार शिट्टी फुंकत धावला. तमिळमधून तो जे बोलला ते आतल्या कोणाला कळलं नाही.

“आजोबा, केळं आत घ्या,” मी म्हटलं.

गाडीत शांतता. मग आजोबा म्हणाले, “आपल्याकडच्या का तुम्ही? कुठल्या?”

“कोथरूड. केळं आत घ्या.”

“अहो, शनिवार आहे आज. मारुतीरायाला एक केळं दिलं तर काय बिघडतंय?”

“मागून लॉरी येतेय, हे बिघडतंय. केळ्यासाठी तो रस्त्यात येईल.”

नर पाच-सहा फुटांवर बसला होता, आयाळ फुलवून, आमच्याकडे न बघता. आजोबांनी त्याला नीट न्याहाळलं. “झाडावरचं जनावर ना हे? मग खाली कशाला उतरतं?”

“वरून रस्ता तुटलाय.”

“मग झाडं लावा की.”

“लावताहेत. वाढायला वीस-पंचवीस वर्षं लागतील.”

“आणि तोपर्यंत?”

मागच्या लॉरीने हॉर्न दिला. राखणदाराने माझ्याकडे असं पाहिलं की ही तुमची माणसं, तुम्हीच आवरा.

“तोपर्यंत काच वर घ्या,” मी म्हटलं.

त्यांनी घेतली. गाडी हलली तेव्हा आजोबा ते केळं सोलून स्वतःच खात होते, आणि शेजारी बसलेल्या सूनबाई कोथरूडला नक्की कुठे राहता म्हणून काचेआडून मला खुणेने विचारत होत्या.